आदराला श्रद्धेची पावती समजू नका

गेल्या डिसेंबरात नगरला एका नातेवाइकांच्या स्मरणार्थ झालेल्या उपासनेला मी गेले होते. विश्वास सोडून मला तीस वर्षे होऊन गेली. माणसे मात्र सोडलेली नाहीत. लग्न, बाप्तिस्मा, दफनविधी, नाताळ, कशाचेही बोलावणे आले की मी जाते आणि मागच्या बाकावर बसते. त्या दिवशी उपदेशकांनी चार्ल्स टेम्पलटनची गोष्ट सांगितली. बिली ग्रॅहमच्या बरोबरीचा मोठा सुवार्तिक, पुढे नास्तिक झाला, आणि म्हातारपणी येशूचे नाव निघताच ढसाढसा रडला. देवाकडे पाठ फिरवलेल्या माणसाचे मन शेवटी देवाकडेच ओढ घेते, असे त्यांनी त्यातून काढून दाखवले. मंडळी गहिवरली.

चहाच्या वेळी ते माझ्यापाशी आले. "ताई, आमच्या जुन्या पाळकसाहेबांचं नाव तुम्ही अजून किती आदरानं घेता! तुमचा विश्वास गेलेला नाही. राखेखाली निखारा आहे."

ते मनापासून बोलत होते, आणि दुःखाच्या घरी वाद घालू नये, म्हणून मी गप्प राहिले. पण हे वाक्य मी आजवर इतक्या जणांकडून ऐकले आहे, आणि माझ्यासारख्या इतरांनाही ते इतक्या वेळा ऐकवले जाते, की त्याचा प्रतिवाद आता करायलाच हवा. टेम्पलटनच्या अश्रूंपासूनच सुरुवात करते, कारण त्या माणसावर झालेला अन्याय माझ्यावरच्या अन्यायापेक्षा मोठा आहे.

टेम्पलटन १९१५ साली टोरांटोत जन्मला. ऐन विशीत मनपरिवर्तनाचा उत्कट अनुभव आला, आणि तिशीत तो उत्तर अमेरिकेतल्या गाजलेल्या उपदेशकांपैकी एक झाला. 'यूथ फॉर ख्राइस्ट' ही चळवळ उभी करणाऱ्यांत तो होता. १९४६ मध्ये तो आणि ग्रॅहम युरोपच्या दौऱ्यावर बरोबर गेले. मग त्याच्या मनात प्रश्न उभे राहिले. ते दडपण्याऐवजी तो १९४८ मध्ये प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयात शिकायला गेला. ग्रॅहमलाही त्याने चल म्हटले. ग्रॅहम गेला नाही. १९४९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या डोंगरात फॉरेस्ट होम नावाच्या शिबिरस्थळी दोघांची गाठ पडली. विचार करायचे नाकारणे म्हणजे बौद्धिक मरण आहे, असे टेम्पलटनने मित्राला तोंडावर सांगितले. ग्रॅहम अस्वस्थ झाला, रानात गेला, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर बायबल ठेवले आणि यातले सारे मी विश्वासाने स्वीकारतो अशी प्रार्थना करून परतला. त्याच शरद ऋतूत लॉस एंजेलिसच्या तंबूतल्या आठ आठवड्यांच्या सभांनी ग्रॅहमचे नाव देशभर झाले. टेम्पलटनने आणखी काही वर्षे झगडून १९५७ मध्ये सेवाकार्य सोडले. लोकप्रियता ओसरली म्हणून तो बाहेर पडलेला नाही. ज्यावर आपला विश्वास उरला नाही ते आपण लोकांना सांगू शकत नाही, एवढ्याचसाठी तो बाहेर पडला.

पुढचे आयुष्य त्याने वर्तमानपत्रात, दूरचित्रवाणीवर, राजकारणात आणि लेखनात घालवले. १९९६ मध्ये 'फेअरवेल टू गॉड' हे पुस्तक लिहून आपण विश्वास का सोडला ते सविस्तर मांडले. त्यात त्याने स्वतःला नास्तिकही म्हटलेले नाही, अज्ञेयवादी म्हटले आहे. व्यासपीठावरून त्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी एवढे तरी नीट सांगावे.

आता ते अश्रू. अमेरिकन लेखक ली स्ट्रोबेल 'द केस फॉर फेथ' या पुस्तकासाठी त्याला भेटला. ते पुस्तक २००० साली आले. टेम्पलटन तेव्हा ऐंशीच्या पुढे होता आणि अल्झायमरने ग्रासला होता. येशूविषयी विचारल्यावर तो भरभरून बोलला. आपल्या दृष्टीने तो आजवरचा सर्वांत महत्त्वाचा माणूस, आपल्यात जे काही चांगले आहे ते त्याच्याकडून आले, असे म्हणाला. त्याची उणीव भासते, म्हणाला आणि रडला. मग त्याने स्वतःला सावरले आणि एवढे पुरे, असे सांगून विषय थांबवला. हे सारे स्ट्रोबेलनेच लिहिले आहे. त्याच भेटीत टेम्पलटनने विश्वास का गेला हेही सांगितले होते. 'लाइफ' मासिकात त्याने एक फोटो पाहिला होता. आफ्रिकेतल्या दुष्काळात सापडलेली एक बाई मेलेले मूल हातात धरून वर आकाशाकडे बघते आहे. तिला फक्त पाऊस हवा होता. जो पाऊस पाडू शकतो आणि पाडत नाही, तो प्रेमळ आहे असे आपण कसे म्हणावे, हा त्याचा प्रश्न होता.

आमच्या उपासनेत अश्रू सांगितले गेले, फोटो सांगितला गेला नाही.

उणीव भासणे म्हणजे काय, हे नीट पाहू. आई गेल्यावर वर्षानुवर्षे तिची आठवण येते, डोळे भरतात. त्यावरून ती परत आली असे कोणी म्हणत नाही. टेम्पलटन ज्याच्यावर प्रेम करत होता तो त्याच्या लेखी एक माणूस होता, सर्वांत थोर माणूस. त्या माणसाच्या सहवासात त्याची वीस वर्षे गेली होती. ती वीस वर्षे खोटी नव्हती, म्हणून रडू आले. त्यात लपवलेला विश्वास शोधायचा असेल, तर त्याने शुद्धीत, निरोगी असताना, सगळे पान न पान विचार करून लिहिलेले पुस्तक बाजूला सारावे लागते आणि आजारी म्हाताऱ्याच्या एका क्षणाला जास्त वजन द्यावे लागते. कुठल्याही न्यायालयात साक्षीदाराला असे वागवत नाहीत.

आणि ग्रॅहमविषयी त्याने काय लिहिले? देव आणि ख्रिस्ती धर्म यांविषयीचे ग्रॅहमचे जवळपास प्रत्येक मत आपल्याला अमान्य आहे, त्याचे बरेचसे उपदेश बालिश आणि कालबाह्य वाटतात. पण या माणसात ढोंग नाही, सामूहिक सभा घेणाऱ्या सुवार्तिकांपैकी याच एकावर आपण भरवसा ठेवू, आणि त्याची आपल्याला उणीव भासते. मत आणि माणूस यांचा हिशेब यात किती स्वच्छपणे वेगळा केला आहे ते पाहा. जो स्वतः त्या व्यासपीठावर उभा राहिला आहे, गर्दी कशी हलवता येते आणि देणगीचे ताट कोणत्या क्षणी फिरवायचे हे ज्याला ठाऊक आहे, तो जेव्हा म्हणतो की या माणसात ढोंग नाही, तेव्हा त्या शब्दाला किंमत असते. भक्ताने केलेल्या स्तुतीला ती नसते. बाहेरच्या परक्याने केलेल्या स्तुतीलाही नसते.

हा आदर आंधळाही नव्हे. २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफिती खुल्या झाल्या आणि १९७२ साली ग्रॅहम त्यांच्या कार्यालयात बसून ज्यूंविषयी काय बोलला होता ते जगाला कळले. ग्रॅहमने माफी मागितली. टेम्पलटन आदल्याच वर्षी वारला होता. तो असता तर त्याने आपल्या मतात किती बदल केला असता हे मी सांगणार नाही. बदल करायला तो मोकळा होता, एवढेच सांगते.

आता माझे पाळकसाहेब.

मी बावीस वर्षांची असताना त्यांच्याकडे गेले आणि सांगितले की माझा विश्वास उरलेला नाही. येशू मेलेल्यांतून उठला हे मला खरे वाटत नाही, प्रार्थना करताना समोर कोणी आहे असे वाटत नाही. तोवर मी संडे स्कूलमध्ये शिकवत होते. मला वाटले होते ते बायबल उघडतील, नाहीतर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आईला सांगितलंस का?" मी नाही म्हटले. "सांगायला जाशील तेव्हा मी बरोबर येऊ का?" ते आले. सायकल भिंतीला टेकवली, ओसरीवर बसले. आई रडली तेव्हा तिला म्हणाले, "पोरगी खोटं बोलत नाही, हे तुमचंच वळण आहे." मला परत आणायचा प्रयत्न त्यांनी नंतरही केला, पण माझ्या तोंडावर, वाद घालून. माझ्या आईच्या दुःखाचा उपयोग त्यांनी कधी केला नाही.

उपदेशक म्हणतील, तेच तर ख्रिस्ताचे प्रेम. स्वतः पाळकसाहेबही तेच म्हणाले असते, आणि ते काय मानत होते याविषयी मी त्यांचा शब्द प्रमाण मानते. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या मंडळीचे एक पाळक आमच्या घरी आले. पंथ तोच, बायबल तेच, धर्मशास्त्राचे शिक्षणही तसेच. ते माझ्या आईला म्हणाले की तुमच्या प्रार्थनेत काही कमी राहिले म्हणून मुलगी मागे घसरली. आई त्यानंतर कित्येक महिने रात्री उठून गुडघ्यावर बसत असे. दोघांचा विश्वास एकच होता. एकाने माझ्या आईला सावरले, दुसऱ्याने तिला कित्येक महिने छळले. दुसऱ्याचा विश्वास खरा नव्हता, असे उत्तर मला दिले जाते. मग 'खरा विश्वास' हे चांगल्या वागण्याचेच दुसरे नाव झाले. जो चांगला वागला त्याचा खरा, जो वाईट वागला त्याचा खोटा. या हिशेबात विश्वास कधीच चुकत नाही, आणि म्हणून तो काही सिद्धही करत नाही. मी आदर करते तो ओसरीवर येऊन बसलेल्या माणसाचा.

त्या चहाच्या वेळी मला एक प्रश्न विचारायचा होता, तो इथे विचारते. पंडिता रमाबाईंचे काय करायचे?

आमच्या मंडळ्यांत रमाबाईंचे नाव किती भक्तीने घेतात हे मी लहानपणापासून पाहिले आहे. त्यांचे केडगावचे मुक्ती मिशन आम्हाला तीर्थासारखे होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चार वर्षांनी, १८८७ मध्ये, अमेरिकेत त्यांचे 'द हाय कास्ट हिंदू वूमन' हे पुस्तक निघाले. हिंदू समाजातल्या स्त्रीच्या हालांवर त्यात जळजळीत लिहिले आहे. ते पुस्तक त्यांनी अर्पण केले आपल्या आईला, लक्ष्मीबाई डोंगरे यांना. जी बाई हिंदू म्हणून जगली, तीर्थे करत फिरली आणि दुष्काळात हिंदू म्हणूनच मेली. वडील अनंतशास्त्री यांनी विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवले आणि त्याचा जाब उडुपीला पंडितांच्या सभेत दिला. त्या वडिलांविषयी रमाबाईंनी पुढेही लिहिले ते ओथंबून. ज्या पुराणांवर त्या वडिलांनी जन्म काढला, ती रमाबाईंनी टाकली होती. वडील टाकले नाहीत.

नारायण वामन टिळकांचेही तेच. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांची पदे आजही आम्ही, म्हणजे मंडळी, 'उपासना संगीता'तून गाते. (हा 'आम्ही' माझ्या तोंडून अजून निघतो, आणि तो मी खोडत नाही.) टिळकांच्या मनात विठ्ठल लपून बसला होता, रमाबाईंच्या राखेखाली वैष्णव निखारा होता, असे एखाद्या उपदेशकाने म्हटल्याचे मी कधी ऐकले नाही. ऐकले असते तर मलाही राग आला असता, कारण त्या दोघांनी फार मोठी किंमत देऊन घेतलेला निर्णय त्याने पुसून टाकला असता. सोडलेल्या धर्मातल्या माणसांचा आदर ठेवणे हा त्यांच्या बाबतीत मनाचा मोठेपणा ठरतो. माझ्या बाबतीत, टेम्पलटनच्या बाबतीत, तोच आदर अपुऱ्या राहिलेल्या निर्णयाचा पुरावा कसा ठरतो?

याला एक जुने उत्तर आहे. तुकोबांत प्रकाशाचा अंश होता, ख्रिस्तात तो पूर्ण झाला, म्हणून टिळकांचा आदर पुढे जाणारा आणि तुमचा मागे ओढणारा. पण पंढरीच्या वाटेवरचा वारकरी हेच वाक्य उलटे फिरवून म्हणू शकतो. फक्त आपल्या दिशेने जाणाऱ्यालाच लागू पडतो, तो नियम नव्हे.

विश्वास सोडूनही गुरूंचा आदर राखणारे आणखी एक, नव्या कराराचे अभ्यासक बार्ट एर्मन, यांच्याविषयी थोडक्यात लिहिते. कडव्या बायबलनिष्ठ संस्थेत शिकलेला हा तरुण प्रिन्स्टनला ब्रूस मेट्झगर यांच्याकडे गेला. मेट्झगर म्हणजे नव्या कराराच्या हस्तलिखितांचे विसाव्या शतकातले सर्वांत मोठे अभ्यासक, आणि शेवटपर्यंत श्रद्धावान. एर्मन यांचा विश्वास जगातल्या दुःखापुढे टिकला नाही. २००५ मध्ये हस्तलिखितांत झालेल्या बदलांवरचे त्यांचे 'मिसकोटिंग जीझस' हे पुस्तक आले आणि खूप वादग्रस्त ठरले. ते अर्पण केले आहे मेट्झगर यांना. गुरूंच्या जुन्या ग्रंथाची चौथी आवृत्तीही त्याच वर्षी दोघांच्या नावाने निघाली. एका शब्दाचे हजार पाठभेद तपासताना हात कसा थरथरू द्यायचा नाही, हे ज्याने शिकवले, त्याचे ऋण एर्मन यांनी उघडपणे मान्य केले. गुरूची श्रद्धा त्यासाठी उसनी घ्यावी लागली नाही.

मला दुसऱ्या बाजूनेही बोलणी बसतात. विवेकवादी चळवळीतला एक जुना मित्र म्हणतो की तुझे पाळकसाहेब चांगले होते यातच घात आहे. चांगला धर्मगुरू हा संस्थेच्या पापांवर पांघरलेला शुभ्र झगा असतो. तू त्याचे गुण गातेस तेव्हा त्या झग्याला इस्त्री करतेस.

या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो झटकणार नाही. फ्रान्समध्ये अर्नेस्ट रेनाँ १८४५ च्या ऑक्टोबरात सेंट सल्पिसचे सेमिनरी सोडून बाहेर पडला. तिथल्या गुरूंनीच त्याला हिब्रू शिकवली, आणि त्या हिब्रूनेच त्याचा विश्वास ढासळला. १८६२ मध्ये कॉलेज द फ्रान्समधल्या पहिल्याच व्याख्यानात त्याने येशूला अतुलनीय माणूस म्हटले आणि त्याची व्याख्याने बंद झाली. अशा माणसाने १८८३ मध्ये आपल्या आठवणींत लिहिले की तेरा वर्षे मी धर्मगुरूंच्या हाती होतो, मला गैरप्रकाराची सावलीही दिसली नाही, मी फक्त चांगले धर्मगुरू पाहिले. मला ही साक्ष प्रामाणिक वाटते. पण २०२१ मध्ये त्याच फ्रान्समध्ये चौकशी आयोगाने अंदाज दिला की १९५० पासून कॅथलिक धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचाराला सुमारे २,१६,००० मुले बळी पडली. रेनाँच्या काळातली मुले त्या मोजणीत नाहीतच. तेव्हा 'मी फक्त चांगले पाहिले' हे वाक्य त्याच्या गुरूंपुरते घ्यावे. त्याला संस्थेचे प्रशस्तिपत्र करू नये. माझ्या पाळकसाहेबांविषयीचे माझे शब्द कोणी तसे वापरले, तर मी ते परत घेईन.

आणि आदर परत घेता येतो, हेच मला मित्राला सांगायचे आहे. झाँ व्हानिए या माणसाने १९६४ मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यात मतिमंद माणसांबरोबर एका घरात राहायला सुरुवात केली. त्यातून लार्श या संस्थेची घरे देशोदेशी उभी राहिली. देव न मानणाऱ्या कितीतरी जणांनी त्याला मानले. मीही मानले. २०१९ मध्ये तो वारला. २०२० च्या फेब्रुवारीत लार्शनेच नेमलेल्या चौकशीतून निघाले की त्याने सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली. २०२३ च्या अहवालात तो आकडा किमान २५ झाला. माझ्या कपाटात त्याची दोन पुस्तके होती, ती मी काढून टाकली. ज्यांनी ही चौकशी केली आणि छापली, त्यांत अनेक श्रद्धावान होते, आणि त्यांचा आदर मी त्या दिवसापासून करते. कृतीवर उभा असलेला आदर कृतीबरोबर पडतो. मित्राला जे पांघरूण वाटते, ते असे क्षणात ओढून काढता येत नसते.

म्हणून मी पाळकसाहेबांचे नाव घेणे थांबवणार नाही, आणि माझ्यासारख्या कोणीही थांबवू नये. ते लपवले तर मी माझ्याच आयुष्याविषयी खोटे बोलेन. बाहेर पडलेल्या माणसाकडून दोन्ही बाजूंना एकच अपेक्षा असते: मागे होते ते सगळे अंधारे तरी म्हण, नाहीतर परत तरी ये. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात दोनच मुलगे आहेत, घरी राहिलेला आणि उपाशी होऊन परतलेला. दूर देशी गेला, तिथे कष्ट करून उभा राहिला, आणि बापाच्या हाताच्या चवीची आठवण अजून काढतो, अशा मुलाला त्या दाखल्यात जागा नाही. पण असे मुलगे आणि मुली आहेत. त्या मागच्या बाकावर बसलेल्या असतात.

उपदेशकांना माझी एकच विनंती आहे. टेम्पलटनची गोष्ट पुन्हा सांगाल, ती सांगाच. त्याचे अश्रूही सांगा, ते खरे होते. पण त्याच भेटीत त्याने वर्णन केलेला फोटोही सांगा: ती बाई, तिच्या हातातले मेलेले मूल आणि न पडलेला पाऊस. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे नगरच्या मंडळीत अजून आहेत. त्यांना तो फोटो समजावून सांगावा लागणार नाही.